दरड आसमानी, पण दावा कागदाचा
कोकण रेल्वेचा पावसाळी खोळंबा आणि आपला कारोबार

पावसाळा आला की कोकणाशी व्यवहार असणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : माल वेळेवर पोहोचेल काय? मुंबईहून कापड, चपला, भांडी, सुटे भाग मागविणारा खेड-चिपळूणचा दुकानदार असो, रत्नागिरीहून मासळी पाठविणारा व्यापारी असो, की सणासुदीच्या शिलाईसाठी मुंबईच्या बाजारातून गठ्ठा आणणारा दर्जी असो, या सर्वांची रोजी-रोटी एका लोखंडी रुळावर अवलंबून आहे. दरड कोसळली, बोगद्यात पाणी आले, नदीने पुलाला हात टेकले की रूळ थांबतो आणि रुळाबरोबर धंदाही थांबतो.

अशा वेळी आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, रेल्वेला शिव्या. दुसरी, नसीबाला दोष. या दोहोंनी आजपर्यंत कोणाचे नुकसान भरून निघालेले नाही. आमच्या मते या प्रश्नाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने, म्हणजे हिशोबाच्या नजरेने पाहणे जरुरीचे आहे. जी अडचण दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येते तिला अचानक आलेले संकट म्हणता येत नाही. ही गोष्ट रेल्वेला जशी लागू आहे तशीच आपल्यालाही लागू आहे.

हा मार्ग आहे तरी कसा?

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९ जुलै १९९० रोजी झाली. केंद्र शासनाबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही राज्ये त्यात भागीदार झाली. मूळ भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के व महाराष्ट्राचा २२ टक्के होता. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम उभे राहिले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यापूर्वी रत्नागिरीच्या माणसाला मुंबई गाठायची तर एस.टी.ची रात्रभराची धडधड सोसण्याखेरीज फारसा इलाज नव्हता.

हा मार्ग सह्याद्रीच्या पायथ्याने जातो. त्यावर नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे पावणेदोन हजारांहून अधिक पूल आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. जेथे बोगदा नाही तेथे पुष्कळ ठिकाणी डोंगर कापून खोल खिंडी केल्या आहेत. जांभ्याचा दगड आणि लाल माती उन्हाळ्यात भिंतीसारखी उभी राहते. पण सलग चार दिवस मुसळधार पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन जड होते, धोंडे सैल होतात आणि खाली येतात. कोकणात पाऊस कसा पडतो हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाब अशी की, हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. कडवई, वेरवली यांसारखी नवी क्रॉसिंग स्थानकेही वाढली आहेत. परंतु वीरच्या पुढे कोकणात येणारी व जाणारी गाडी एकाच रुळावरून धावते. त्यामुळे एक गाडी अडकली की समोरची गाडी मागच्या स्थानकात थांबते, तिच्यामुळे तिसरी थांबते. दरड पडते दिवाणखवटीला आणि खोळंबतो सावंतवाडीचा प्रवासी.

खोळंब्याचा इतिहास

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी घसरली व पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या धोंड्यांमुळे घसरून पुलाखाली गेली आणि पुन्हा माणसे दगावली. लागोपाठच्या या दोन पावसाळ्यांनी एक धडा दिला : या मार्गावर पावसात वेग हा शत्रू आहे. गाडी उशिरा येण्याबद्दल तक्रार करताना आपण हे विसरता कामा नये. आज मुसळधार पावसात पुढचे नीट दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वेगानेच गाडी चालवावी असे चालकांना आदेश असतात. तो उशीर आपल्याच जिवासाठी आहे.

अलीकडच्या घटना वाचकांच्या स्मरणात असतीलच. ऑगस्ट २०२० मध्ये गोव्यातील पेडणे बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे-मिरजमार्गे वळवाव्या लागल्या. म्हणजे गाडी रद्द झाली नाही, पण रत्नागिरी-कुडाळच्या माणसाला तिचा उपयोगही राहिला नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. वाशिष्ठीच्या पुलावर पाणी धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्याने वाहतूक बंद झाली आणि ठिकठिकाणच्या गाड्यांत सुमारे ६,००० प्रवासी अडकून पडले. चिपळूणच्या बाजारपेठेत त्या दिवशी दुकानांतला माल भिजला आणि वाटेतला मालही अडकला. जुलै २०२४ मध्ये तर एका आठवड्यात दोन वेळा मार्ग तुटला : ९ तारखेला पेडणे बोगद्यात पाणी शिरले आणि १४ तारखेला विन्हेरे ते दिवाणखवटीच्या दरम्यान दरड आली. दुसऱ्या वेळी वाहतूक सुरू होण्यास सुमारे चोवीस तास लागले.

चोवीस तास हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण बर्फात भरलेल्या मासळीला चोवीस तास म्हणजे बाजारभावातून कचऱ्यात जाणे होय. आखातात नोकरीस जाणाऱ्या तरुणाचे मुंबईहून विमान चुकले तर तिकिटाचे पैसे जातात आणि वेळप्रसंगी व्हिसाची व कामावर हजर होण्याची मुदतही टळते. सणासाठी आणलेला कपडा सणानंतर पोहोचला तर तो पुढल्या वर्षापर्यंत कपाटात पडून राहतो आणि मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी मात्र ठरल्या तारखेलाच उभी राहते. नुकसानाचे हे मोजमाप रेल्वेच्या पत्रकात कधीच येत नाही. ते आपणच मांडावे लागते.

रेल्वे काय करते?

येथे न्यायाने बोलले पाहिजे. रेल्वे हातावर हात ठेवून बसलेली नाही. खिंडींना जाळ्या लावणे, उतार कमी करणे, सिमेंटचा थर देणे ही कामे झाली आहेत व होत आहेत. २०२४ च्या पावसाळ्यासाठी सुमारे पावणेसातशे कर्मचारी रुळांवर गस्तीला नेमले होते. रात्री भर पावसात कंदील-बॅटरी घेऊन चालणाऱ्या या गरीब माणसांमुळे कित्येक अपघात टळले असतील, याची आपण कदर केली पाहिजे. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली आदी नऊ स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे. पानवलचा उंच पूल, मांडवी, जुवारी व शरावती येथे वाऱ्याचा वेग मोजला जातो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावसाळी वेळापत्रक. २०२४ पर्यंत ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे लागू होत असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे करण्यात आले. या काळात गाड्यांच्या वेळा बदलतात व प्रवासाला अधिक तास लागतात. वर्षातले चार-साडेचार महिने रेल्वेने स्वतःच वेगळे काढून ठेवले आहेत. आपल्यापैकी किती व्यापाऱ्यांनी आपल्या खातेवहीत ते वेगळे काढले आहेत?

परंतु हाच मुद्दा रेल्वेवरही उलटतो. पर्जन्यमापक कोठे बसवायचा, गस्त कोठे घालायची, वेग कोठे कमी करायचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दरड कोठे येऊ शकते हेही ठाऊक आहे. मग प्रत्येक वेळी ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढे दोन शब्द लिहून जबाबदारी संपते काय? कायदा म्हणतो, संपत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ९३ नुसार, ताब्यात घेतलेल्या मालाच्या नुकसानीस रेल्वे जबाबदार असते. त्याला काही अपवाद आहेत व त्यांत दैवी आपत्ती हा पहिलाच अपवाद आहे. बहुतेक व्यापारी येथवर ऐकून घरी परततात. पण याच कलमाच्या शेवटी एक अट आहे. नुकसान आसमानी कारणाने झाले असले, तरी आपण वाजवी दूरदृष्टी व काळजी बाळगली होती हे रेल्वेला सिद्ध करावे लागते. कलम ९५ उशिराबाबत आहे. उशिरामुळे नुकसान झाले हे मालधन्याने दाखवायचे. तो उशीर आपल्या हाताबाहेरचा होता किंवा आपल्या हयगयीमुळे झाला नाही हे रेल्वेने दाखवायचे. म्हणजे पुराव्याचे निम्मे ओझे त्यांच्यावर आहे. मात्र उरलेले निम्मे आपल्यावर आहे आणि नेमके तेथेच आपले लोक कमी पडतात.

प्रवाशांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अजमेर-जम्मू एक्स्प्रेस ११ जून २०१६ रोजी सुमारे चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरचे विमान चुकले. त्यांना टॅक्सीने जावे लागले. ग्राहक मंचाने टॅक्सीखर्चापोटी १५,०००, मुक्कामाच्या आरक्षणापोटी १०,००० आणि मनस्ताप व दाव्याचा खर्च म्हणून प्रत्येकी ५,००० रुपये मंजूर केले. रेल्वे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली व हरली. उशीर आपल्या ताब्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवले नाही, तर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. यावरून दरडीच्या प्रत्येक खोळंब्याला भरपाई मिळेल असे कोणी समजू नये. दरडीचे कारण रेल्वे सहज दाखवू शकते. पण कारण न सांगता झालेला उशीर आता मुकाट्याने गिळण्याची गरज राहिलेली नाही, एवढे खास.

आपण काय करावे?

मालाच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे धंद्याचा माल प्रवासी सामान म्हणून डब्यात नेण्याची सवय सोडावी. दुसऱ्या वर्गात ३५ व स्लीपरमध्ये ४० किलोपर्यंत मोफत सामानाची सवलत आहे ती घरगुती सामानासाठी, व्यापारी मालासाठी नव्हे. शिवाय कलम १०० नुसार बुक न केलेल्या व प्रवाशाच्या स्वतःच्या ताब्यातील सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते ती तिची हयगय सिद्ध झाली तरच. पार्सलचे चार पैसे वाचविण्यासाठी आपण दाव्याचा हक्कच सोडून देतो.

दुसरी गोष्ट, पार्सल बुक करताना मालाची किंमत जाहीर करावी. किंमत जाहीर केली नाही तर पार्सलला किलोमागे ५० रुपये आणि बुक केलेल्या सामानाला किलोमागे १०० रुपये एवढीच रेल्वेची कमाल जबाबदारी धरली जाते. वीस किलो शिवलेले कपडे हरवले तर हाती हजार रुपये येतील, मग आत भरतकाम कितीही भारी असो. जादा शुल्क भरून किंमत नोंदविली तरच भरपाई त्या किमतीच्या हिशोबाने मागता येते.

तिसरी गोष्ट पॅकिंगची. पॅकिंग सदोष असल्याची नोंद बुकिंगच्या कागदावर झाली की नुकसानीत रेल्वेची हयगय सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. पावसाळ्यात गोणपाटाच्या आत प्लॅस्टिकचा थर घालण्यास फार खर्च येत नाही. सही करण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. माल ‘मालकाच्या जोखमीवर’ स्वस्त दराने पाठविला तरीही हाच भार आपल्यावर पडतो.

चौथी गोष्ट, माल फुटलेला, भिजलेला किंवा उघडलेला दिसला तर तसाच उचलून आणू नये. कलम ८१ नुसार उघडी डिलिव्हरी मागण्याचा आपणास हक्क आहे. रेल्वेच्या माणसासमोर गठ्ठा उघडून नुकसानीची नोंद करून घ्यावी. दुकानात आणून मग तक्रार केली तर माल कोठे भिजला हे सांगता येत नाही.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत. कलम १०६ प्रमाणे माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. पत्र नोंदणी टपालाने पाठवून पावती जपून ठेवावी. नोटीस कोणाला द्यावी याबाबत गोंधळ होतो, कारण रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा आणि त्यापुढचा कोकण रेल्वेचा आहे. कायद्याने हा गुंता सोडविला आहे : ज्या रेल्वेकडे माल सोपविला तिला, अथवा जिच्या हद्दीत माल पोहोचावयाचा होता किंवा नुकसान झाले तिला नोटीस चालते. शंका असल्यास दोन्हींना प्रत पाठवावी. एका टपालखर्चाने दावा वाचतो. रेल्वेने दाद दिली नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरण त्यासाठीच आहे.

प्रवाशांनी हे लक्षात ठेवावे. २०१५ च्या परतावा नियमांनुसार गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि आपण प्रवास केला नाही तर पूर्ण भाडे परत मिळते. मात्र गाडी सुटण्यापूर्वी तिकीट परत केले पाहिजे अथवा ई-तिकिटाचा टी.डी.आर. भरला पाहिजे. गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. खिडकीवरच्या तिकिटासाठी मात्र तीन दिवसांच्या आत खिडकीवर जावे लागते. मार्ग बदलल्यामुळे गाडी आपल्या स्थानकावर येणारच नसेल तर तोही परताव्याचा हक्क आहे. खोळंबा झाला की १३९ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

हिशोबातला पावसाळा

कागदाइतकेच नियोजनही महत्त्वाचे आहे. विमानाचे तिकीट असेल तर पावसाळी वेळापत्रकाच्या काळात त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबू नये, एक दिवस आधी निघावे. मुंबईत नातेवाइकाकडे एक रात्र काढणे चुकलेल्या विमानापेक्षा स्वस्त पडते. सणाचा माल पंधरा दिवस आधी उतरवून घ्यावा. २०२३ ची बकरी ईद २९ जूनला आणि २०२४ ची १७ जूनला, म्हणजे दोन्ही पावसाळी वेळापत्रकातच आल्या होत्या. गणेशोत्सव तर दरवर्षीच त्या काळात येतो व गाड्या भरून वाहतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली, तेव्हा तारखांचा हिशोबही नव्याने मांडला पाहिजे. यांत्रिक नौकांची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्टची मासळी ऐन पावसात निघते. तिच्या व्यापाऱ्याने रस्त्याची पर्यायी सोय आधीच बोलून ठेवावी. रस्ताही बेभरवशाचा आहे हे खरे. परशुराम घाट बंद झाला तर चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठता येते, पण हे घाटही दरडीपासून मुक्त नाहीत. म्हणूनच मालवाहू गाडीवाल्याशी दर व वाट यांची बोलणी जूनपूर्वीच व्हावीत. दरड पडल्यावर गाडीभाडे दुप्पट झाले म्हणून रडण्यात अर्थ नाही.

आणि सर्वांत जरुरीचे, घाऊक व्यापाऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात पावसाळ्याची अट तोंडी न ठेवता लेखी ठेवावी. वाहतूक बंद पडली तर माल पोहोचल्यापासून उधारीची मुदत धरली जाईल, एवढे एक वाक्य बिलावर आले तर किती भांडणे टळतील! वायदा पाळणे ही व्यापाऱ्याची इज्जत आहे. म्हणूनच जो पाळता येणार नाही असा वायदा पावसाळ्यात देऊ नये.

एकट्याने नव्हे, मिळून

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन व्हावी ही मागणी जुनी आहे. दुहेरीकरण व बळकटीकरण यांसाठी लागणारे भांडवल महामंडळाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे त्यामागचे मुख्य कारण. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने, कोकण रेल्वे हे नाव कायम राहावे या अटीसह, विलीनीकरणास संमती दिली. पण मालक कोणीही असो, डोंगर तोच आहे आणि पाऊसही तोच. वीरच्या पुढे दुसरा रूळ, धोक्याच्या खिंडींना पक्की संरक्षणकामे, बोगद्यांची गळती कायमची बंद करणे आणि खोळंब्याची खरी माहिती प्रवाशाला वेळेवर देणे, या चार गोष्टी त्याच्याकडे मागाव्याच लागतील.

ही मागणी एकट्या दुकानदाराने केली तर ती तक्रार ठरते. बाजारपेठेने आकड्यांनिशी केली तर तिला वजन येते. खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर येथील व्यापारी संघटनांनी या पावसाळ्यात एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेला कोणाचा कोणता माल किती तास अडकला व किती रुपयांचे नुकसान झाले, याची पावतीसह नोंद करावी. हिंदू, मुस्लिम, मोठा घाऊकवाला, लहान कारागीर, सर्वांची नोंद एकाच वहीत असावी, कारण दरड कोणाचे नाव विचारून पडत नाही. ऑक्टोबरअखेर ती वही रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढे व आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी. पाऊस पाडणे न पाडणे माणसाच्या हाती नाही. पावती घेणे, नोटीस पाठविणे आणि वही भरणे मात्र आपल्याच हाती आहे.